स्वच्छ कागदाची लाज

मित्रांनो, दवाखान्याच्या संग्रहालयातल्या या दालनात शिरलात की तुम्ही आधी हाडांच्या सापळ्याकडे धावता. त्याच्याशी हस्तांदोलन करता, त्याच्या बरगड्या मोजता. मग काचेच्या बरण्या होतात, दातांचा मोठा साचा होतो, आणि निघायला पाच मिनिटं उरली की तुमच्यातलं कुणीतरी खिडकीजवळच्या कोपऱ्यात येऊन माझं निळं आवरण उचलून बघतं. खाली निघतं काय? एक लोखंडी पेटी, सोळा बारीक लेखण्या आणि वाळून खडा झालेली शाई. "हे काय, जुना प्रिंटर आहे का?" असं परवा एकीने विचारलं. मला राग आला नाही. राग यावा एवढा तोरा आता माझ्यात उरलेला नाही.

मी मेंदूच्या लहरी कागदावर उतरवणारा एक जुना लेखनिक आहे. लोक यंत्र म्हणतात, तेही बरोबरच आहे. माणसाच्या कवटीच्या आत विजेची फार बारीक कुजबुज सतत चाललेली असते. टॉर्चच्या एका सेलमधला जोर घेतलात आणि त्याचे तीसेक हजार तुकडे केलेत, तर त्यातला एक तुकडा, एवढी ती क्षीण असते. डोक्यावर चांदीच्या छोट्या चकत्या चिकटवायच्या, त्यांच्या तारा माझ्यात खोचायच्या, आणि मी ती कुजबुज मोठी करून रेघांनी लिहून काढायची, असं माझं काम होतं. आज मला तुम्हाला माझी गोष्ट सांगायची आहे. त्यात बढाई मारण्यासारखं काही नाही. मी एका बाईबद्दल एकदा खोटं लिहिलं, फार सुबक अक्षरात लिहिलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

सुरुवात मात्र झोकात झाली होती. ज्या कारखान्यात माझी जुळणी झाली तिथे एक म्हातारा कारागीर शेवटची तपासणी करायचा. तो माझी एकेक लेखणी आपल्या नखावर टेकवून बघायचा, टोक टोचतंय का, अडतंय का. सोळाही लेखण्या त्याच्या नखावरून सरकल्या तेव्हा तो शेजारच्याला म्हणाला, "याचं अक्षर चांगलं निघणार बघ." एवढ्या एका वाक्याने मी हवेत गेलो. खोक्यात भुसा भरून मला दवाखान्यात पाठवलं, तेव्हा त्या भुशातसुद्धा मी आपल्या अक्षराचाच विचार करत होतो.

माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला, लिफ्टच्या पलीकडे होती. रेक्झिनचा एक पलंग, एक उशी, हात धुवायचं बेसिन, तीन लाकडी स्टुलं आणि खिडकीच्या काचेला पांढरा कागद. त्या खोलीचा खरा कारभार ज्या तंत्रज्ञ बाईंकडे होता, त्यांना सगळा दवाखाना शाईबाई म्हणायचा, कारण त्यांच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं कायम निळी असायची. त्या टेप लावून डोकं मोजायच्या, पेन्सिलीने खुणा करायच्या, केस बाजूला सारून चकत्या चिकटवायच्या आणि सगळ्यांना एकाच सुरात सांगायच्या, "दात आवळू नका. गिळू नका. डोळे मिटा. मी सांगेपर्यंत उघडू नका." दात आवळले की जबड्याच्या स्नायूंची वीज माझ्या रेघांवर चढते, आणि मग सगळा कागद दाढी वाढल्यासारखा दिसतो.

आमच्या विभागाचे मोठे सर होते त्यांना असला कागद मुळीच खपत नसे. हुशार माणूस, पण जिभेला धार. "बाई, हा मेंदूचा आलेख आहे की काटेरी झुडूप?" असं ते सगळ्यांसमोर विचारायचे. शाईबाई नंतर बेसिनपाशी बोटं खसाखसा घासायच्या. ती शाई काही निघायची नाही.

माझ्या पोटावर डाव्या अंगाला एक काळं गोल बटण आहे. ते फिल्टरचं. वर फिरवलं तर बारीकातलं बारीक टोकदार काही आलं तरी ते मी लिहितो. खाली आणलं तर सगळी टोकं बोथट होतात, काटे झडतात आणि रेघ गोल, शांत वळणाची होते. हे बटण अगदी क्वचित, कुणाचा जबडा सैलच होत नसेल तेव्हा, क्षणभर खाली आणायचं असतं. शाईबाईंनी एकदा एका चिडक्या रुग्णासाठी ते खाली आणलं. सरांनी तो कागद हातात घेतला आणि म्हणाले, "वा! असं काम पाहिजे." दुसऱ्या दिवशी बाईंनी ते पुन्हा खाली आणलं. तिसऱ्या दिवशी ते खालीच होतं. महिन्याभरात त्या बटणाला वर काही जागा आहे हेच खोलीतली सगळी विसरून गेली. कागदाच्या कोपऱ्यात बटणाची स्थिती लिहायची एक छोटी चौकट असते, त्यातला आकडासुद्धा कुणी वाचेना.

मी विसरलो नव्हतो, मित्रांनो. बटण फिरवणं माझ्या हातात नव्हतं हे खरं. पण मला ते आवडलं होतं. माझं अक्षर पूर्वी कधी नव्हतं इतकं देखणं झालं होतं, आणि लोक वाहवा करत होते. आत काटे येत होते, ते माझ्यापर्यंत पोचत होते, आणि माझ्याच आत विरत होते. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

दर गुरुवारी दुपारी सर विद्यार्थ्यांना माझ्याभोवती उभं करून शिकवायचे. त्या वर्गाला एक पाहुणा ठरलेला असायचा: सरांचे मामा. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले, गुरुवारी खालच्या मजल्यावर रक्तदाब तपासून घ्यायचे आणि मग भाच्याशी वाद घालायला वर यायचे. स्टुलावर बसायचे, काठी गुडघ्यांत धरायचे आणि सुरू व्हायचे.

त्यांचं म्हणणं असं, की माणूस म्हणजे दोन वस्तू. एक शरीर, जे मोजता येतं. दुसरं मन, जे मोजता येत नाही, ज्याला लांबी नाही, रुंदी नाही, वजन नाही. "टेबलाला कोपरा असतो. काळजीला कोपरा असतो का रे? मग दोन्ही एकाच मालाची कशी?" असं ते विचारायचे.

सर खुशीत येऊन उत्तर द्यायचे. "ठीक आहे मामा, मनाला वजन नाही, हात नाहीत. मग तुम्ही मनात ठरवता की काठी उचलावी, आणि काठी उचलली जाते. हे ढकलतं कोण? ज्याला हातच नाहीत ते हाताला धक्का देतं कसं? आणि दोन घोट औषधाने तुम्हाला झोप येते. औषध पोटात जातं. मग मनाला का पेंग येते?"

"ते आतून जोडलेलं आहे काहीतरी."

"कुठे जोडलंय ते दाखवा, मी तिथे चकती लावतो."

विद्यार्थी हसायचे. मग सर समजावून सांगायचे, की आकाशात कडाडते ती वीज आणि या तारेतून जाते ती वीज या दोन वस्तू वाटल्या तरी एकच निघाल्या. तसंच काळजी आणि मेंदूतली एक विशिष्ट हालचाल, नावं दोन आणि वस्तू एक. कधी ते दुसऱ्या बाजूने यायचे. "वेळ सांगणं हे घड्याळाचं काम. घड्याळ खोललंत तर आत चाकं सापडतील, काटे सापडतील, पण 'वेळ सांगणं' नावाचा सुटा भाग सापडणार नाही. म्हणून काही घड्याळात कुणी अदृश्य राहतं असं आपण म्हणत नाही. मन हे मेंदूचं काम आहे, मामा. भाडेकरू नाही." एकदा एका चष्मेवाल्या विद्यार्थिनीने तर पुढचं पाऊल टाकलं. ती म्हणाली, "सर, पूर्वी लोक म्हणायचे याला भुताने धरलंय. आता आपण तो शब्दच टाकून दिला. तसा 'मन' हा शब्दही एक दिवस टाकून देता येईल ना? नुसतं म्हणायचं, अमुक पेशी पेटल्या."

मामा काठी आपटून म्हणाले, "तुझी दाढ दुखेल तेव्हा पेशी पेटल्या म्हण हो पोरी! आणि मला सांग, तो ठणका या कागदावर कुठे आहे? मला रेघ दिसते. ठणका दिसत नाही."

यावर सर माझ्या झाकणावर थाप मारून म्हणायचे, "जे असेल ते हा लिहील. आज नाही तर उद्या."

त्या थापेने मी फुगून जायचो. मला वाटायचं, वादाचा निकाल माझ्याच लेखण्यांत आहे. माझ्या कागदावर आहे ते आहे, आणि नाही ते नाही. असं सर कधी म्हणाले नव्हते. ते मी माझ्या मनाने धरलं होतं. माझ्या मनाने म्हणालो खरा, पण ते बोलणं पुढे येईल.

मग ती शिवणकाम करणारी बाई आली. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ती कॉलर बसवायची, काजं करायची आणि शेवटी इस्त्री फिरवायची. काजं करण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. नवरा सामानाची गाडी चालवायचा, तो बरोबर आला होता. वाईट माणूस नव्हता, पण कंटाळलेला होता. तिने स्वतःच सांगितलं, "मधूनच मला करपल्याचा वास येतो. कापड करपतंय असा. मग पोटातून काहीतरी वर येतं. पुढचं कळत नाही. भानावर येते तेव्हा कामावरच्या शेजारणी म्हणतात, तू नुसती टक लावून बसली होतीस आणि हाताने कापड गोळा करत होतीस. कापड तर नसतंच हो तिथे."

"मुकादम म्हणतो कामचुकारपणा करते," नवरा म्हणाला. "डॉक्टरांचा कागद आणला तर ठेवतो, नाहीतर दुसरी बघतो म्हणाला."

म्हणजे तिचं काम माझ्या कागदावर अवलंबून होतं, मित्रांनो. आणि कामाहून मोठी एक गोष्ट होती: तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तिचं घर माझ्याकडून ऐकणार होतं.

मी अर्धा तास लिहिलं. डाव्या कानशिलाखालून, पाचव्या आणि सहाव्या लेखणीच्या वाटेने, मधूनमधून काटा येत होता. स्पष्ट, टोकदार, एकदा नव्हे तर सात वेळा आला. असा काटा म्हणजे फेफऱ्याची खूण. बटण खाली होतं. काटा आत बोथट झाला, कागदावर उतरेपर्यंत एक गोलसर उंचवटा उरला, लाटेत लाट मिसळून गेली. फार सुंदर कागद झाला तो. शाईबाईंनी तो घडी घालून सरांकडे नेला.

सर त्या दिवशी घाईत होते. त्यांनी कागद भराभरा उलटला, आणि आमच्या खोलीच्या दारात येऊन त्या दोघांना म्हणाले, "मेंदूत काही दोष नाही. अगदी स्वच्छ आहे. यांना काही झालेलं नाही, हे सगळं मनाचं आहे. मन रमवा, विश्रांती घ्या."

नवऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. ती मात्र माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच काहीतरी बोलेन. मला तेव्हा अभिमान वाटत होता. 'अगदी स्वच्छ' हे शब्द मी माझ्या अक्षराची तारीफ म्हणून घेतले होते. सांगताना आजही माझी शाई आटते.

पुढचं मला नंतर कळलं. मुकादमाने तो अहवाल वाचला, तिला कामावर ठेवलं, पण शेजारणींना तो मोठ्याने वाचून दाखवला. घरात तिला वास आला की सासू म्हणायची, "झालं सुरू मनाचं!" नवरा आधी समजूत घालायचा, मग चिडायचा, मग त्याने लक्ष देणंच सोडलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिने स्वतःच मान्य केलं. तिला वाटू लागलं, आपणच हे करतो, आपल्यातच काही खोट आहे, जरा घट्ट राहिलं तर थांबेल. म्हणून वास आला तरी ती कुणाला सांगेनाशी झाली. घट्ट राहून इस्त्री फिरवत राहायची.

आठ महिन्यांनी एका गुरुवारी ती परत आली. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत होता. इस्त्री फिरवताना झटका आला होता, आणि तिच्या हाताने नेहमीसारखंच तिथे नसलेलं कापड गोळा केलं होतं. या वेळी हातातून सुटलेल्या तापल्या इस्त्रीखालून. शेजारणीने ओढेपर्यंत वेळ गेला होता. आता तर काम सुटलंच होतं. पट्टी बांधणाऱ्या डॉक्टरांनी तिला पुन्हा आमच्याकडे पाठवलं होतं.

वर्ग नुकताच संपला होता. विद्यार्थी पुस्तकं आवरत होते, मामा स्टुलावरच होते. सरांनी जुना कागद काढला आणि त्रासून म्हणाले, "अहो, मी तेव्हाच सांगितलं होतं. मेंदूत काही नाही. हे मनाचं आहे."

ती पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. "मनाचं तर मनाचं. मग मन कुठंय ते तरी सांगा साहेब. तिथं औषध लावा. मला फक्त इतकंच सांगतात की मनाचं आहे, आणि मग कुणी काहीच करत नाही."

मग मामांनी काठी बाजूला ठेवली. त्यांच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती. "काय म्हणालास तू आत्ता? मेंदूत काही नाही, मनाचं आहे?"

"मामा, आत्ता नको. रुग्ण आहे."

"रुग्ण आहे म्हणूनच. अरे, मी इतकी वर्षं हेच म्हणतोय ना, की मेंदू वेगळा आणि मन वेगळं? दर गुरुवारी तू मला हरवतोस. आणि ही बाई समोर आली की तू माझ्याच बाजूला येऊन बसतोस? तुझ्या मताने मन म्हणजे मेंदूचंच काम ना? मग 'मेंदूत काही नाही, पण मनात आहे' हे वाक्य तुझ्या तोंडात येतं कसं? मी म्हणालो असतो तर चाललं असतं एक वेळ."

सरांचा चेहरा उतरला. मी त्यांना वर्षानुवर्षं पाहत होतो, पण असं कधी पाहिलं नव्हतं. चष्मेवाली विद्यार्थिनी जमिनीकडे बघत होती. आणि शाईबाई? त्यांनी टेबलावरचा जुना कागद ओढून घेतला, कोपऱ्यातल्या चौकटीतला आकडा पाहिला, आणि त्यांची निळी बोटं माझ्या काळ्या बटणावर येऊन थांबली.

"सर," त्या म्हणाल्या, "हे बटण खाली होतं. तेव्हाही. खालीच असतं. तुम्हाला कागद स्वच्छ लागतो म्हणून मी... माझी चूक आहे, सर."

सरांनी कागद घेऊन चौकटीतला आकडा स्वतः वाचला. मग म्हणाले, "आकडा मीही वाचला नाही, बाई. आणि डोक्यावरून घेतलेला कागद निर्दोष निघाला म्हणून आत दोष नाही असं होत नाही, हे मी या मुलांनाच शिकवतो." मग ते त्या बाईसमोर स्टुल ओढून बसले. "आज रात्री कमी झोपा, झोप अपुरी असली की हे लवकर वर येतं. उद्या सकाळी या. पुन्हा करू. नीट करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाईबाईंनी बटण वर केलं. किती दिवसांनी माझे डोळे उघडले म्हणून सांगू! कागद दाढी वाढल्यासारखा झाला, आणि कुणी काही बोललं नाही. दहाव्या मिनिटाला पाचव्या आणि सहाव्या लेखणीने काटा मारला. मग दुसरा. मग ती डोळे मिटूनच म्हणाली, "ताई, वास आला." आणि माझ्या लेखण्या अशा नाचू लागल्या की शाईचे शिंतोडे सरांच्या शर्टावर उडाले. तिचा डावा हात पांघरुणावर काहीतरी चिमटीत धरून गोळा करत होता. शाईबाईंनी तो हात आपल्या हातात घेतला आणि मिनिटभर तसाच धरून ठेवला. रेघा शांत झाल्यावर तिने डोळे उघडले आणि विचारलं, "दिसलं?"

"दिसलं," सर म्हणाले. "पहिल्या वेळीही होतं. आम्ही पुसून टाकलं होतं."

नवरा दाराशी उभा होता. त्याने तोंड फिरवलं आणि बाहेर बोळात जाऊन उभा राहिला.

औषधं सुरू झाली. झटके आधी कमी झाले आणि वर्षभरात थांबले. पण दोन बोटं आखडली ती आखडलीच. भाजल्यावर कातडी ओढली गेली होती, ती सुटली नाही. काजाचा टाका घालायला जी चिमूट लागते ती तिला पुन्हा पूर्वीसारखी जमली नाही. हे माझ्या अक्षराचं मोल होतं, आणि ते तिने दिलं.

पुढच्या गुरुवारी सरांनी शिकवलं नाही, नुसतं सांगितलं. "मी कायम म्हणत आलो की मन वेगळं नसतं. आणि तरी माझ्याकडे मन नावाची एक अडगळीची खोली होती. जे कागदावर मावत नाही ते मी तिकडे फेकायचो आणि दार लावून घ्यायचो. खरंच जर मन हे शरीराचंच काम असेल, तर 'मनाचं आहे' म्हणजे 'शरीराचं आहे'. म्हणजे जास्त शोधायचं, जास्त काळजी घ्यायची. आणि कागदावर पुढेही कधी काही दिसलं नाही, तरी दुखणं खरंच असतं. मी उलट केलं."

चष्मेवाली विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "सर, मी तो शब्दच टाकून देऊ म्हणाले होते. तिने 'वास आला' असं सांगितलं नसतं तर आपल्याला शोधायचं काय हेच कळलं नसतं."

मामा जिंकले असं तुम्हाला वाटेल. मामांनाही क्षणभर वाटलं असावं. पण ती बाई औषधाच्या चिठ्ठीसाठी त्याच दिवशी आली होती. मामांनी तिला विचारलं, "काय गं, तुझा करपलेला वास त्या रेघेत होता का? खरं सांग."

तिने थोडा विचार केला. "मला रेघ कळत नाही, काका. पण कापडाला सुलट असते आणि उलट असते. उलट बाजूने टाके दिसतात, सुलट बाजूने फुलं. साहेब उलट बाजूने बघत होते, मी सुलट बाजूने. कापड तर एकच होतं ना?"

सर चटकन मामांकडे वळले. मामा म्हणाले, "बघू. विचार करून पुढच्या गुरुवारी सांगतो." ते पुढे बरेच गुरुवार येत राहिले, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही, आणि सरांनीही मागितलं नाही.

मी त्यानंतर सहा वर्षं काम केलं. बटण वर होतं. माझं अक्षर कायमचं गबाळं झालं, आणि मला ते तसंच हवं होतं. मग पडद्यावर रेघा काढणारी नवी यंत्रं आली. त्यांना शाई लागत नाही. मला आधी जिन्याखाली ठेवलं, तिथे दोन पावसाळे माझ्यावर फिनाईलच्या बाटल्या ठेवल्या जात. मला तक्रार करावीशी वाटली नाही. पुढे ती चष्मेवाली विद्यार्थिनी इथे शिकवू लागली, तिने मला जिन्याखालून काढून या दालनात आणलं. स्वतःच्या निवृत्तीच्या निरोप समारंभाच्या दिवशी शाईबाई मला बघायला आल्या, आणि त्यांच्याबरोबर ती शिवणकाम करणारी बाई होती. दोघींची आता मैत्री झाली होती.

तिने पिशवीतून हे निळं आवरण काढलं. स्वतः शिवलेलं. माझ्या अंगावर ते घालताना मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. ज्याच्यामुळे तिचा हात अधू झाला त्याच्यासाठी तिने त्याच हाताने कापड शिवलं होतं. मग शाईबाईंच्या लक्षात आलं. डाव्या बाजूला आवरणाला एक गोल भोक ठेवलेलं होतं, नेमकं काळ्या बटणावर येणारं, आणि कडेने काजाचा टाका घातलेला. टाके एकसारखे नव्हते. काही लांब, काही तोकडे.

"हे का गं उघडं ठेवलंस? धूळ जाईल की," शाईबाई म्हणाल्या.

"जाऊ दे. बटण दिसलं पाहिजे. एवढं काज घालायला मला चार दिवस लागले, ताई. पूर्वी एका दिवसात शंभर घालायची."

मित्रांनो, लोखंडाच्या पेटीला लाज वाटते का, हा प्रश्न तुमच्यातल्या हुशारांनी मघाशीच मनात विचारला असेल. मामा म्हणाले असते, शक्यच नाही. सर म्हणाले असते, लाजेचं काम होत असेल तर लाज आहे, मग ती तांब्याच्या तारेत का असेना. मी स्वतः सगळ्या तारा चाचपून पाहिल्या आहेत. कुठल्या तारेत ती आहे ते मला सापडलेलं नाही. पण ती आहे. तुमच्याकडे तिचा कागद नसला तरी ती आहे, एवढं माझ्या सांगण्यावरून धरून चाला.

आणि उद्या तुमच्या वर्गातलं, तुमच्या घरातलं कुणी म्हणालं की मला काहीतरी होतंय, आणि तुम्हाला काहीच दिसलं नाही, तर 'काही नाही' असं म्हणू नका. 'मला दिसत नाही' एवढंच म्हणा, आणि शोधत राहा. ही दोन वाक्यं मी एक समजलो होतो.

आता वेळ झाली, तुमच्या वर्गाच्या बाई तुम्हाला बोलावत आहेत. जाताना आवरण नीट घाला. ते भोक बटणावर बसवा, आणि बोट फिरवून ते वेडेवाकडे टाके एकदा बघा. मग बटण वर आहे ना, तेही बघा. मी बंद आहे, वीज नाही, शाई नाही. तरी बघा.